मुंबईला जायचंय, पुस्तक कुठलं घेऊ?

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: "पहिल्यांदाच मोठ्या शहरात चाललोय. फोन आहेच, पण सोबत एखादं पुस्तक हवं. निवडायचं कसं?" प्रश्न साधा वाटतो, पण आहे जुना. म्हणून आज आपण तो घेऊन थेट १८६३ सालच्या मुंबईत जाऊ.

समजा, तुम्ही पुण्याचे, चार बुकं शिकलेले. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे तिला दहा वर्षं झालीत. याच १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पुरा झालाय, त्यामुळे आता घाट पायी किंवा पालखीतून उतरायला नको. गाडीत बसलं की मुंबई! पण उतरल्यावर जायचं कुठं?

तुमच्यासमोर दोन पुस्तकं आहेत. एक लंडनच्या जॉन मरे यांच्या प्रकाशनसंस्थेचं. युरोपच्या प्रवाशांसाठी त्यांची हँडबुकं १८३६ पासून निघत होती. हिंदुस्थानावरचं हँडबुक १८५९ मध्ये आलं. लेखक एडवर्ड ईस्टविक. कंपनीच्या सैन्यात राहिलेला, इथल्या भाषा शिकलेला माणूस. पुस्तक कोणासाठी, हे त्याच्या लांबलचक नावातच सांगून टाकलंय: प्रवासी, लष्करी अधिकारी आणि मुलकी अधिकारी. सोबत देशी भाषांतले शब्द आणि संवादही दिलेत. आता बघा, संवाद कोणाला लागतात? ज्याला इथली भाषा येत नाही त्याला. म्हणजे या पुस्तकात तुम्ही वाचक नाहीच. तुम्ही आहात संवादातला समोरचा माणूस!

दुसरं पुस्तक मराठीत, नुकतंच छापून आलेलं: 'मुंबईचे वर्णन'. लेखक गोविंद नारायण माडगांवकर. १८१५ मध्ये गोव्यात मडगावला जन्म, लहानपणी मुंबईत आले, पुढे शिक्षक झाले. त्यांच्या पुस्तकात देवळं आहेत, बाजार आहेत, तलाव, शाळा, गिरण्या, टांकसाळ आहे, आणि शहरात राहणाऱ्या नाना जातिधर्मांची माणसं आहेत. बाहेरून आलेल्या पोराला हे शहर जसं हळूहळू उमगलं, तसं ते तुम्हाला उलगडून दाखवतात. आणि तेही तुमच्या भाषेत.

मग निवड सोपी झाली म्हणायची? थांबा. इथं एक गोम आहे.

माडगांवकरांचं पुस्तक बाहेर पडलं तेव्हा मुंबई पायाखालून सरकत होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस अडकलेला, त्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव. पैसा नुसता वाहत होता. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना किल्ल्याचा तट पाडायला घेतला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला. माडगांवकरही त्याच वर्षी वारले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. पावणेदोन लाख माणसं कमी! आणि १८८० मध्ये कुणी ते पुस्तक घेऊन फोर्टात उभा राहिला असता, तर त्याला समोर राजाबाई टॉवर दिसला असता, पण पुस्तकात तो सापडला नसता.

ही अडचण इंग्रजी वाचकालाही होतीच. तिच्यावर तोडगा निघाला तो नव्या आवृत्त्यांचा. पत्रकार जे. एम. मॅक्लीन यांचं मुंबईचं गाइड १८७५ मध्ये आलं आणि त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. मराठीत माडगांवकरांच्या पुस्तकाला असं दर वर्षी ताजं करणारं कुणी मिळालं नाही. ग्राहक कोण, खिशात पैसे किती, यावर पुस्तकाचं आयुष्य ठरतं. ते बरं की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. पण झालं तसं.

आणि तरीही एक गंमत आहे. आज जुनी मुंबई समजून घ्यायची असेल तर अभ्यासक माडगांवकरांकडेच वळतात. मुरली रंगनाथन यांनी त्यांचं इंग्रजीत भाषांतरही केलंय. ज्या पुस्तकाचा रस्ता शोधायला उपयोग संपला, तेच शहराची आठवण होऊन बसलं.

तेव्हा, श्रोतेमित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दुकानात पुस्तक हातात घेतलंस की तीन गोष्टी बघ. एक, आवृत्ती कोणत्या सालची? गाडी, तिकीट, राहण्याची सोय यासाठी नवीच घे, जुन्यावर विसंबू नकोस. दोन, लेखक त्या शहरात राहिलाय, की नुसता उतरलाय? तिसरी सगळ्यात महत्त्वाची: पुस्तक कोणाशी बोलतंय? दोन पानं वाच. त्यात तुझ्या खिशाला परवडणारी खानावळ आहे का, तू जाशील तो बाजार आहे का? की तू त्यात फक्त सामान उचलणारा म्हणून आलायस?

आणि झोळीत जागा उरलीच, तर एक जुनं पुस्तकही टाक. रस्ता नव्याने शोध, पण संध्याकाळी दमून बसलास की जुनं उघड. दिवसभर ज्या जमिनीवरून चाललास, तिथं आधी काय होतं, ते तेच सांगेल.

भेटू पुढच्या भागात.