महात्मा फुले मंडई, पुणे

महात्मा फुले मंडई : पुण्याच्या शुक्रवार पेठेतील भाजी व फळांच्या बाजाराची दगडी इमारत. पूर्वीचे नाव रे मार्केट. बांधकाम १८८२ ते १८८६. उद्‌घाटन ५ ऑक्टोबर १८८६ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचे आजचे नावही महात्मा जोतिबा फुले मंडई असेच आहे, म्हणून शहराचे नाव सांगणे आवश्यक ठरते. ही नोंद लिहिताना खराडीचा वाचक डोळ्यांपुढे ठेवला आहे. खराडी १९९७ साली महापालिकेत आली आणि पाहता पाहता इऑन आयटी पार्कच्या मनोऱ्यांनी भरून गेली. तेथे भाजी सोसायटीच्या फाटकाशी, हातगाडीवर किंवा मोबाइलवरून घेतली जाते. शहराने भाजीविक्रीसाठी एवढी भव्य वास्तू बांधली होती, हे त्या वाचकाने एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

मंडई होण्यापूर्वी हा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरत असे. उघड्यावरच्या बाजाराचे पावसाळ्यात जे हाल होतात ते तेथेही होत. त्याच सुमारास युरोपातील शहरे आपले बाजार छताखाली आणत होती. पॅरिसच्या ले आल बाजारासाठी व्हिक्तोर बालतार याने १८५० च्या दशकात लोखंड आणि काचेचे मंडप उभारायला घेतले. लंडनचा स्मिथफील्ड मांसबाजार १८६८ मध्ये सुरू झाला, फ्लॉरेन्सची मध्यवर्ती मंडई १८७४ मध्ये. मुंबईत विल्यम इमर्सनने आराखडा केलेले क्रॉफर्ड मार्केट १८६९ पासून चालू होते. कल्पना सगळीकडे सारखी होती. विक्रेत्याला ठरलेली जागा मिळावी, तिचे भाडे नगरपालिकेच्या तिजोरीत यावे, पाणी आणि गटार एकाच ठिकाणी असावे आणि नासका माल ओळखणे सोपे जावे. बुडापेस्टची प्रसिद्ध मोठी मंडई १८९७ ची, म्हणजे पुण्यानंतर अकरा वर्षांनी झालेली. आज प्रवासी ती मुद्दाम पाहायला जातात. पुण्याची मंडई तिच्याहून जुनी आहे, हे पुणेकरांच्याही फारसे ध्यानात नसते.

पुण्याच्या मंडईसाठी खासगीवाल्यांच्या मालकीची सुमारे चार एकर जागा घेण्यात आली. आराखडा वॉल्टर ड्युकॅट या लष्करी अभियंत्याचा, बांधकाम रावबहादूर वासुदेव बापूजी कानिटकर यांचे, खर्च सुमारे तीन लाख रुपये. वाद पेटला तो या खर्चावरून.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्यास त्यांनी विरोध केला होता. मंडईच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. एवढा पैसा हाती असेल तर तो आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. हा विरोध भाजीबाजाराची माहिती नसलेल्या माणसाचा नव्हता. त्यांचे वडील गोविंदराव फुलांचा व भाजीचा व्यवसाय करत. स्वतः जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत, भाजीपाल्याचा व्यापार करत, आणि कालव्याच्या पाण्यावर मांजरीला शेती करत. मांजरी म्हणजे खराडीच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या काठी वसलेले गाव. मंडईचे काम चालू असतानाच, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. माळव्याचा मळा, गाडी, जकात आणि बाजार या सगळ्या टप्प्यांवर शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. इमारत पुढे शहराला उपयोगी पडली हे खरे. तरीही सार्वजनिक पैसा आधी कोणासाठी खर्च करायचा, हा त्यांचा प्रश्न त्यामुळे चुकीचा ठरत नाही. मंडईविषयी लिहिणाऱ्याने हा विरोध एका ओळीत उरकू नये.

नावाचा इतिहासही या वादाइतकाच बोलका आहे. इमारतीला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. १९२४ मध्ये लोकमान्य टिळकांचा पुतळा मंडईसमोर बसवण्यात आला आणि त्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंनी केले. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारण्याची मागणी नगरपालिकेत मांडली. ती फेटाळली गेली आणि ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद शिगेला पोचला. अखेर १९३८ मध्ये आचार्य प्र. के. अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केट ‘महात्मा फुले मंडई’ झाले. अत्र्यांनी पुढे १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ हा चित्रपटही काढला. ज्या इमारतीच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव आले, आणि ते योग्यच झाले. बाजारात माल आणणारा शेतकरी हा त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी होता. गव्हर्नराचा त्याच्याशी तसा संबंध नव्हता.

रचना : काळ्या दगडातील, टोकदार कमानींची, गॉथिक धाटणीची वास्तू. मधोमध सुमारे ऐंशी फूट उंचीचा अष्टकोनी मनोरा असून त्याच्यापासून उतरत्या छपरांची लांब दालने चहूअंगांनी पसरली आहेत. दालने एकमेकांना चिकटलेली नसल्यामुळे प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा मिळतो, आणि कोणत्याही दालनातून निघाले तरी माणूस मनोऱ्याखाली येतो. पुण्याच्या उन्हात भाजी दिवसभर तग धरते यात या रचनेचा वाटा मोठा आहे. १८९० मध्ये स्थापन झालेले औद्योगिक संग्रहालय काही काळ या इमारतीत होते. तेच आज घोले रस्त्यावर महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. कॅम्पमधील कनॉट मार्केट, म्हणजे आजचे शिवाजी मार्केट, हे याच काळातील भावंड. २०२१ च्या मार्चमध्ये त्याला मोठी आग लागली. जुन्या मंडयांना आगीचे भय किती असते, याची जाणीव त्या घटनेने नव्याने करून दिली.

आत गेल्यावर आधी डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. मग ओटे दिसू लागतात. विक्रेती वरच्या अंगाला मांडी घालून बसलेली, पुढे उतरत्या रचनेत माल आणि हाताशी तराजू. पालेभाजीवाली कोथिंबिरीची जुडी पाण्याच्या बादलीत देठांकडून बुडवते, दोनदा झटकते आणि ओल्या गोणपाटावर पाने बाहेरच्या बाजूला येतील अशी लावते. आत राहिलेले पिवळे पान ती बोटाने चटकन खुडून टाकते. दिवसाचे पहिले गिऱ्हाईक भवानीचे, म्हणून ते सहसा रिकाम्या हाताने परत जाऊ देत नाहीत. वजन किलोत होते, पण तोंडात अजून ‘पावशेर’ आहे. मिरची-आल्याच्या खरेदीवर कढीपत्त्याची काडी वर पडते, मागितली तर नक्कीच.

मंडईचे पंचांग वेगळे आहे आणि ते जाणून जावे. चाकवत, चुका, अंबाडी, राजगिरा या भाज्या हातगाडीवर क्वचित मिळतात. येथे त्या शोधाव्या लागत नाहीत. भोगीच्या आदल्या दिवशी वालपापडी, पावटा, ओला हरभरा, गाजर आणि वांगी एकत्र घेणाऱ्यांची रीघ लागते. गणपतीत पत्री, केवडा आणि केळीची पाने, मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी फळे, उपवासाच्या दिवसांत रताळी. पुरंदरच्या अंजिरांचा आणि सीताफळांचा हंगाम, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मग कोकणातला हापूस. पुण्याभोवतीच्या तालुक्यांत काय पिकते, हे नकाशापेक्षा या ओट्यांवर लवकर कळते.

मंडईभोवती शहराचे सार्वजनिक जीवन वाढले. येथील कट्ट्यावरच्या राजकीय चर्चेला पुणेकर ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन १८९४ पासूनचा. विसर्जन मिरवणुकीत त्याला मान आहे. जवळच आर्यन हे पुण्याचे पहिले चित्रपटगृह १९१५ मध्ये सुरू झाले होते. ते पाडले गेले आणि आता त्याचे नाव वाहनतळाला आहे.

घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि मंडईत मुख्यतः किरकोळ विक्री उरली. ट्रकांची गर्दी हटली, इमारतीवरचा ताण कमी झाला, पण मालाची मोठी उलाढालही गेली. पॅरिसलाही हेच झाले: १९६९ मध्ये घाऊक बाजार रुंजीसला हलला आणि १९७१ पासून बालतारचे मंडप पाडण्यात आले. पुण्याने आपली इमारत पाडली नाही, ही मोठी गोष्ट. खराडीच्या बाजूला नदीपलीकडे मांजरी उपबाजारात शेतकरी किरकोळ विक्रेत्यांना थेट माल विकतात, आणि २०१६ पासून राज्य सरकारने शेतकरी आठवडे बाजारही सुरू केले. दोन्ही उपयोगी आहेत. पण आठवडे बाजार तंबूत भरतो आणि संध्याकाळी उठतो. विक्रेत्याच्या नावे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा ओटा त्यातून मिळत नाही, आणि नव्या उपनगरांच्या आराखड्यात अशा ओट्यांना मंडईच्या तोडीची जागा मिळालेली दिसत नाही.

जाण्याची सोय : खराडीहून नगर रस्त्याने रामवाडी मेट्रो स्थानकापर्यंत बस किंवा रिक्षा. तेथून वनाजकडे जाणाऱ्या गाडीने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून स्वारगेटची भुयारी गाडी धरावी. कसबा पेठेनंतरचे स्थानक मंडई. हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. मोटार नेऊ नये, बोहरी आळी आणि तुळशीबागेच्या गर्दीत ती अडकते. सकाळी लवकर गेल्यास माल ताजा आणि विक्रेते बोलायला मोकळे. कापडी पिशवी आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत. रामवाडी ते वाघोली या मेट्रो विस्ताराला केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली असून त्यावर खराडी बायपास हे स्थानक नियोजित आहे.