गंजिफांत राणी नव्हती, मग जोडपं आलं कुठून?

पत्त्यांत राजाशेजारी राणी हवीच, असं आपण धरून चालतो. नवा बैठा खेळ तयार करणारी मुलं त्यात दोन राजांची किंवा दोन राण्यांची जोडी घेऊ पाहतात, तेव्हा ‘हे आपलं नव्हे’ असं ऐकू येतं. तर आपलं काय होतं, ते बघू.

सुरुवात सावंतवाडीपासून. इथल्या दशावतारी गंजिफांच्या संचात १० रंग, प्रत्येकात १२ गोल पानं, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत. दिवसा खेळ बसला तर उतारी रामाची, रात्री कृष्णाची. राणीचं वेगळं पान नाहीच.

म्हणजे बायकांना गंजिफांत जागाच नव्हती? तसंही नाही. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या १२ रंगांच्या गंजिफांचं वर्णन केलंय. त्यात एक रंग अख्खा बायकांचा. तख्तावर राणी, वजीर बाईच, खालच्या दहा पानांवरही बायकाच. नवरा कुठेच नाही!

मग जोडपं आलं कुठून? युरोपातल्या जुन्या जर्मन पत्त्यांत राजाखाली दोन पुरुषच असत. फ्रान्सच्या संचात राणी बसली, आणि तोच साचा इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. बेझिकसारख्या युरोपीय खेळात तर एकाच रंगाचे राजा-राणी हाती आले की ते ‘लग्न’, आणि त्याचे गुण मिळतात. म्हणजे हे लग्न चित्राने नाही, नियमाने लावलेलं आहे.

आता आपल्या जत्रेतलं दशावतारी नाटक आठवा. पुरुषच राणी होतो, राजाशी लाडाने बोलतो, नि रात्रभर कुणाला वावगं वाटत नाही. पण यावरून आम्ही फार उदार होतो, अशी फुशारकी नको. पहाटे रंग पुसला जातो. ज्यांचं प्रेम रंग पुसल्यावरही तेच राहतं, त्यांना ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेगारीतून सोडवलं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र लग्नाचा हक्क मिळाला नाही.

म्हणून खेळ करणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं: नुसती चित्रं बदलू नका, गुणांचा नियम बदला. कुठलीही दोन पानं जोडी लावू शकतील, आणि एकट्या पानालाही मोल असेल. गणपतीच्या जागरणाला पत्त्यांचा डाव बसतो, तेव्हा घरातलं एखादं पोर गप्प बसून बघत असतं. त्यालाही आपलं पान मिळू दे.