नाना नांवाचे चार पुरुष

संस्कृतांत ‘नाना’ ह्या अव्ययाचा अर्थ निरनिराळे, अनेक प्रकारचे, असा आहे. महाराष्ट्रांत मात्र तें घरांतील एखाद्या माणसाचें लाडकें नांव आहे. इतिहासाच्या योगायोगानें ह्या दोन अर्थांची मोठी मौजेची सांगड पडली आहे. पुण्यांत नाना पेठ आहे, मुंबईंत नाना चौक आहे, आणि दूर गंगाकांठीं कानपुरास नानाराव पार्क आहे. हीं तीन स्थळें तीन निराळ्या पुरुषांचीं स्मारकें होत. आणि ज्यांच्या कारकीर्दींत मराठ्यांची घोडदौड अटकेपर्यंत गेली, ते नानासाहेब पेशवे ह्या तिघांहूनहि वेगळे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून मात्र हे चौघे पुष्कळदां एकमेकांचे अंगरखे घालून वावरतात. एकाची मुत्सद्देगिरी दुसऱ्याच्या पदरीं पडते, आणि एकाचा पराभव दुसऱ्याच्या माथीं बसतो. नांवाची अदलाबदल ही वरवर क्षुल्लक चूक दिसते; परंतु तिच्यामुळें मेलेल्या माणसांना न्याय मिळत नाहीं, आणि प्रसंगीं जिवंत माणसांच्या गळ्यालाहि फांस लागण्याची वेळ येते.

मुळांत ‘नाना’ हें बारशाचें नांव नव्हे. पहिल्या दोघा नानांचें खरें नांव एकच, बाळाजी. पेशवे बाळाजी बाजीराव, तर फडणवीस बाळाजी जनार्दन. ह्याचें कारण मोठें सरळ आहे. आजोबांचें नांव नातवाला ठेवावें ही महाराष्ट्रांतील जुनी चाल. पेशव्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ, आणि फडणविसांचे आजोबा श्रीवर्धनचे बाळाजी महादेव भानु. हे दोघे बाळाजी एकमेकांचे सोबती. कोंकण सोडून घाटावर आले तेव्हांहि बरोबर, आणि १७१९ मध्यें दिल्लीच्या स्वारींत होते तेव्हांहि बरोबर. त्या स्वारींत दिल्लीस दंगल उसळली व भानु तेथेंच कामास आले. नातवाला आजोबांचें नांव तर मिळालें. पण ज्या घरांत सासऱ्याचें नांव उच्चारणें सुनेला वर्ज्य, त्या घरांत मुलाला हांक मारावयाची कशी? म्हणून नाना, तात्या, बापू, अप्पा, भाऊ हीं सोईचीं नांवें. मर्यादेपोटीं जन्मलेलें हें हांक मारण्याचें नांव पुढें मूळ नांवावर मात करतें, आणि इतिहासाच्या पानावर तेंच शिल्लक राहतें.

पहिले नाना, म्हणजे नानासाहेब पेशवे. २८ एप्रिल १७४० रोजीं थोरले बाजीराव नर्मदेकांठीं रावेरखेडी येथें वारले, आणि त्याच वर्षीं पेशवाईचीं वस्त्रें ह्या तरुण पुत्रास मिळालीं. वडिलांप्रमाणें ते रणांगणावरचे पुरुष नव्हते. त्यांचें बळ हिशेबांत, पत्रव्यवहारांत व माणसें कामाला लावण्यांत होतें. १७४९ मध्यें शाहू महाराजांचे देहावसान झाल्यावर राज्याची सर्व सूत्रें पुण्यास आलीं. कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या नळांनीं पुण्याच्या हौदांत आणण्याचें काम त्यांच्याच कारकीर्दींतलें. परंतु ह्याच कारकीर्दींत तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं इंग्रजांचें साहाय्य घेण्यांत आलें, आणि १७५६ मध्यें विजयदुर्गास मराठ्यांचें आरमार जळालें. शेवटीं १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर चुलतबंधु सदाशिवराव व पुत्र विश्वासराव दोघेहि पडले. ती बातमी त्यांना उत्तरेच्या वाटेवर असतांना कळली. तेथून परतून २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर त्यांनीं देह ठेविला.

दुसरे नाना त्याच पानिपतावर होते. हा योगायोग विलक्षण आहे. ज्या मोहिमेची आज्ञा एका नानांनीं दिली, तींतून दुसरे नाना कसेबसे जीव घेऊन परत आले. तेव्हां त्यांचें वय एकोणीस वर्षांचेंहि पुरें नव्हतें. वडील जनार्दनपंत आधींच वारले होते व फडणिशीचा भार कोवळ्या वयांत अंगावर आला होता. उत्तरेंतील तीर्थयात्रा घडावी म्हणून आईहि बरोबर होती. पळापळींत तिची ताटातूट झाली ती कायमची. हें सारें त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहून ठेविलें आहे. त्यांत स्वतःचें शौर्य वाढवून सांगण्याचा मोह नाहीं. भीति, पश्चात्ताप आणि आईची आठवण एवढेंच आहे. पुढें ज्यांची धूर्तता सर्व हिंदुस्थानांत गाजली, त्यांच्या अंतःकरणाचा हा कोपरा पुष्कळांस ठाऊक नसतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत खून झाला, आणि तेथून पुढें पाव शतक नाना फडणवीस हेच राज्याचें मस्तक झाले. बारभाईंचें कारस्थान, पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नांवें चाललेला कारभार, १७७९ मध्यें वडगांवास इंग्रजांची झालेली नामुष्की, १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई, ह्या सर्वांवर त्यांची छाया आहे. नाना पेठ ती ह्यांची. वाईजवळ मेणवलीचा वाडा व कृष्णेचा घाट तोहि ह्यांचाच. मात्र पानिपताचें अपयश त्यांच्या खातीं लिहितां येत नाहीं, आणि अटकेचें यशहि नाहीं. १७५८ मध्यें मराठे अटकेपर्यंत पोंचले तेव्हां हे सोळा वर्षांचे होते. १३ मार्च १८०० रोजीं ते पुण्यांत वारले, आणि अवघ्या अठरा वर्षांत पेशवाई बुडाली.

बुडविणारे दुसरे बाजीराव. नानांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना कैदेंत पडावें लागलें तें ह्याच धन्याच्या संमतीनें. १८१८ मध्यें बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले, आणि सालीना आठ लाखांचें पेन्शन घेऊन कानपुराजवळ ब्रह्मावर्त ऊर्फ बिठूर येथें जाऊन राहिले. त्यांनीं १८२७ मध्यें कर्जतजवळील वेणगांवच्या भट घराण्यांतील एक लहान मुलगा दत्तक घेतला. त्याचें नांव धोंडोपंत. हा तिसरा नाना. १८५१ मध्यें बाजीराव वारल्यावर कंपनीनें पेन्शन बंद केलें. नानासाहेबांनीं अर्ज केले, अजीमुल्लाखानास विलायतेस धाडलें, पण दाद लागली नाहीं. जून १८५७ मध्यें कानपुरास उठाव झाला आणि ते त्याचे धनी झाले. सतीचौरा घाटावर शरण आलेल्या गोऱ्यांची कत्तल झाली, पुढें बिबीघरांत बायकामुलें मारलीं गेलीं, आणि कानपूर परत घेतल्यावर इंग्रजांनीं घेतलेला सूडहि तितकाच भयंकर होता. एका पक्षानें त्यांना राक्षस ठरविलें, दुसऱ्यानें स्वातंत्र्यवीर. ज्या बागेंत बिबीघराचें स्मारक होतें, तिलाच स्वातंत्र्यानंतर नानारावांचें नांव मिळालें.

त्याच सुमारास मुंबईंत चौथे नाना आपल्या पेढीवर बसत होते. जगन्नाथ शंकरशेट ह्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजीं मुरबाडास झाला. त्यांच्या हातीं तलवार नव्हती. होती ती थैली आणि चिकाटी. मुंबई इलाख्यांत इंग्रजी व देशी शिक्षणाचा पाया घालण्यांत ते अग्रभागीं होते. मुलींच्या शाळेसाठीं त्यांनीं लोकनिंदा सोसून स्वतःच्या वाड्यांत जागा दिली. १८५२ मध्यें निघालेल्या बाँबे असोसिएशनच्या स्थापनेंत ते प्रमुख होते. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, ती आणण्याची खटपट करणाऱ्यांतहि ते होते. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति मिळे, आणि ती पटकावणें हा कित्येक पिढ्यांच्या हुशार मुलांचा ध्यास असे. असा हा राजमान्य गृहस्थ. तरीहि १८५७ च्या धामधुमींत सरकारनें त्यांच्यावरहि संशय घेतला. चौकशी झाली, पुरावा सांपडला नाहीं, आणि संशयाचें सावट दूर झालें. ३१ जुलै १८६५ रोजीं ते निवर्तले.

मुंबईच्या नानांना प्रतिष्ठा होती, म्हणून त्यांची सुटका सोपी झाली. परंतु बिठूरच्या नानांचें नांव पुढें कित्येक अनोळखी माणसांच्या पाठीस लागलें. १८५९ मध्यें ते नेपाळच्या तराईंत दिसेनासे झाले. त्यांना पकडून देणारास एक लाख रुपयांचें इनाम लागलेलें होतें. मग ठिकठिकाणीं संशयित धरले जाऊं लागले. १८७४ मध्यें ग्वाल्हेरीस शिंद्यांनीं एक मनुष्य पकडून इंग्रजांच्या हवालीं केला, तेव्हां सर्व हिंदुस्थानांत खळबळ उडाली. त्याला कानपुरास नेलें, ज्यांनीं नानासाहेबांना पाहिलें होतें त्यांच्यापुढें उभें केलें, पण तो नानासाहेब असल्याचें ठरेना. अखेर त्याला सोडून द्यावें लागलें. साक्षीदारांना खरें बोलण्याची बुद्धि झाली नसती, तर एका नांवासाठीं एक निरपराध प्राण गेला असता.

तेथें जो प्रश्न न्यायाधिशापुढें होता, तोच जुनीं कागदपत्रें वाचणारापुढें रोज असतो: हा नाना कोणता? त्याचें उत्तर देण्याची रीत साधी आहे. प्रथम तारीख पाहावी. जून १७६१ नंतरच्या पत्रांतील जिवंत नाना पेशवे असूं शकत नाहींत. मग बापाचें नांव पाहावें. बाजीराव कीं जनार्दन, एवढ्या एका शब्दानें दोन कारकीर्दी वेगळ्या होतात. मायन्यांतील ‘श्रीमंत’ कीं ‘राजश्री’ हें पाहावें, हस्ताक्षर पाहावें, आणि नंतरच यशापयशाचा जमाखर्च मांडावा.

चौघांचें नांव एक. पण एकानें राज्य वाढविलें, एकानें तें सांवरलें, एकानें गेलेल्या राज्यासाठीं सर्वस्व पणास लावलें, आणि एकानें राज्याविना समाज कसा उभा करावा हें दाखविलें. पुढें विसाव्या शतकांत सातारा जिल्ह्यांतील प्रतिसरकारचे नाना पाटील ह्या मालिकेंत येऊन बसले. म्हणजे नांव अद्यापि थकलेलें नाहीं. पुण्याच्या नाना पेठेंतून किंवा मुंबईच्या नाना चौकांतून जातांना एखाद्या मुलानें ‘हे नाना कोण?’ असें विचारलें, तर घरांतील वडील माणसानें नुसतें ‘मोठे होऊन गेले’ असें म्हणून त्याला वाटेला लावूं नये. कोणाचे पुत्र, कोणत्या काळचे आणि त्यांनीं काय केलें, एवढें तरी सांगावें. ज्या नानाचें ऋण असेल तें त्याच नानाच्या नांवें जमा व्हावें, एवढीच इतिहासाची मागणी आहे.