वजनकाट्यावर न येणारा वायू

भंगारात दिलेल्या फ्रिजचे पुढे काय होते, याची आपल्याला साधारण कल्पना असते, पण ती अर्धीच. गाळ्यावर पोचल्यावर आधी मागचा काँप्रेसर सुटा होतो, कारण खरा भाव त्यालाच. त्यासाठी पकडीने नळी तोडली की क्षणभर फुस्स असा आवाज येतो, थोडे तेल ओघळते आणि विषय संपतो. काँप्रेसर फोडून तांब्याची गुंडाळी निघते, पत्रा लोखंडात जातो, ॲल्युमिनियम वेगळे, प्लास्टिक वेगळे. उरतो तो पत्रा आणि आतले प्लास्टिक यांच्यामध्ये भरलेला पिवळट फोम. तो कुणालाच नको असतो, म्हणून उकिरड्यावर पडतो किंवा पेटवला जातो. यात अडाणीपणा शोधणे मला चुकीचे वाटते. ज्याला भाव आहे ते हा धंदा चोख वेगळे काढतो, ज्याला नाही ते सोडून देतो. अडचण इतकीच की फ्रिजचा धोका कालांतराने नेमका या बिनभावाच्या भागात जाऊन बसला.

सुरुवातीला तो घरातच होता. १९२०च्या दशकातल्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड असे विषारी वायू असत, आणि गळती झाली तर माणसे जीव गमावत. बर्लिनमधले एक कुटुंब असेच गेल्याचे वाचून आइन्स्टाइन आणि लिओ सिलार्ड हलते भाग नसलेल्या फ्रिजच्या मागे लागले. त्यांनी पेटंटेही घेतली, पण तो फ्रिज बाजारात आला नाही. दरम्यान १९२८ साली थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांना क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हे उत्तर सापडले होते. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि जळतही नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. सुरक्षिततेच्या तेव्हाच्या व्याख्येत ते तंतोतंत खरे होते. पुढचा धोका दाराचा. खटक्याची दारे आतून उघडत नसत. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळता खेळता लपलेली मुले गुदमरून मेली, तेव्हा अमेरिकेने १९५६ साली आतून ढकलून उघडणाऱ्या दाराचा कायदा केला. आजची चुंबकी रबरपट्टी त्याच वाटेवरची. दार काढल्याशिवाय फ्रिज टाकू नये, ही सूचना मात्र अजून कालबाह्य झालेली नाही.

या दोन्ही धोक्यांत मेलेले माणूस समोर दिसत होते, म्हणून उपायही झटपट झाला. सीएफसीचे तसे नव्हते. सीएफसीमुळे ओझोनचा थर विरळ होईल, असा इशारा मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला, अंटार्क्टिकावरचे छिद्र १९८५ साली जगापुढे आले आणि १९८७ साली असे वायू रोखणारा मॉन्ट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. एका फ्रिजमधल्या शे-दीडशे ग्रॅम वायूने असे काय बिघडते, ही शंका रास्त वाटते. पण ओझोन बाजूला ठेवला तरी फ्रिजमधला आर-१२ हा सीएफसी वायू शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून अधिक उष्णता अडवतो. दीडशे ग्रॅमचा अर्थ दीड टनाहून जास्त होतो, तोही पकडीच्या एका दाबात. शिवाय अशा फ्रिजमधले सुमारे दोन तृतीयांश सीएफसी नळीत नसून फोममध्ये असते. असे फ्रिज आता राहिले कुठे, असेही कुणी म्हणेल. ते बरेचसे खरे आहे. मात्र सीएफसीच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला निर्धोक असला, तरी कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापवणारा आहे. अलीकडचा आयसोब्युटेन हवामानाला जवळजवळ निरुपद्रवी, पण ज्वलनशील. बंदिस्त गाळ्यात नळी तोडताना जवळ ठिणगी उडाली तर भाजेल तो तोडणाराच. शतकभर फिरून धोका पुन्हा माणसाच्या हाताशी आला म्हणायचा.

मग कायदा कडक करावा? ब्रिटनने त्याचे फळ पाहिले आहे. फोममधले सीएफसीसुद्धा काढूनच फ्रिज मोडावेत, असा युरोपीय नियम १ जानेवारी २००२ पासून लागू झाला. ब्रिटनमध्ये तशी यंत्रणा नव्हती, दुकानदारांनी जुने फ्रिज परत घेणे बंद केले आणि मैदानांत, गोदामांत फ्रिजचे अक्षरशः डोंगर उभे राहिले. नियम शहाणा होता, पण बंद कोठीत फ्रिज भरडून वायू ओढून घेणारी यंत्रे आणि त्यांचा खर्च कुणाचा, हे आधी ठरले नव्हते. आपल्याकडे स्थिती उलटी आहे. माल गोळा करून मोडणारी माणसे गल्लोगल्ली आहेत, त्यांना वायू सांभाळण्याचे पैसे कुणी देत नाही. सगळे फ्रिज मोठ्या कारखान्यांकडे वळवा, हा सल्ला म्हणूनच अपुरा वाटतो. घरमालकाला रोख पैसे भंगारवालाच देतो, त्यामुळे माल त्याच्याकडेच जाणार. त्याच्या गाळ्यावर वायू काढून घेणारे यंत्र आणि भरलेल्या सिलिंडरला दर, एवढे झाले तर नळी तोडायची त्याला हौस नाही. सरकारी हिशेबाची सवयही गाळ्यासारखीच होती: २०२२ च्या ई-कचरा नियमांत पुनर्वापराची प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर बेतली गेली, आणि शीतक वायूच्या व्यवस्थेचे कलम आले ते पुढच्या वर्षी, दुरुस्ती म्हणून.