एक खातं आणि पन्नास पेढ्या : किन्हवली पट्ट्यातले स्थलांतरित व्यापारी

परमुलखातून आलेली माणसं व्यापाराचं जाळं कसं उभं करतात, त्यातून संपत्ती कशी तयार होते आणि त्या जाळ्याबाहेर राहणाऱ्यांचं काय होतं, हा आजचा विषय आहे. जगभरात यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. आपण मात्र सुरुवात शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या किन्हवलीपासून करू. आजूबाजूच्या गावांची आणि पाड्यांची ही बाजारपेठ. मीठ-मिरची, कापड, खतं, बी-बियाणं, सगळ्यासाठी लोक इथे येतात. अशा पेठेत जुन्या दुकानांच्या पाट्या वाचत चाललात, की आडनावं पाहूनच कळतं, यांतल्या काही घरांचे पूर्वज गुजरात-मारवाडातून आलेले आहेत.

प्रश्न साधा आहे. ज्याला इथली भाषा येत नव्हती, ज्याच्याकडे इथे गुंठाभर जमीन नव्हती, तो माणूस दोन पिढ्यांत सावकार झाला. आणि ज्याची जमीन होती, बैल होते, जंगलाची माहिती होती, तो त्याच काळात कर्जात बुडाला. हे कसं झालं?

याची दोन उत्तरं आपण लहानपणापासून ऐकतो. एक म्हणतं, ते लोक काटकसरी आणि हुशार. दुसरं म्हणतं, ते लबाड. ही दोन्ही उत्तरं स्वभावाबद्दल बोलतात. आपण आज स्वभाव बाजूला ठेवू आणि कोणाला किती दारं उघडी होती ते मोजू.

या भागाला व्यापार नवा नाही. कल्याण बंदरातून मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी वाट सातवाहनांच्या काळातली. घाटातला शिलालेख दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. पुढे कित्येक शतकं बैलांच्या पाठीवर मीठ वर जात राहिलं, धान्य खाली येत राहिलं. म्हशाला पौषी पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. तिथला जनावरांचा आणि घोंगड्यांचा बाजार याच देवाणघेवाणीची आठवण आहे. पण हा व्यापारी येणारा-जाणारा होता. जत्रा संपली की तोही गेला. बारा महिने गावात बसलेलं, प्रत्येक घराचं खातं ठेवणारं दुकान ही पुढची गोष्ट.

ती एकोणिसाव्या शतकात घडली आणि तिला रेल्वेने वेग दिला. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली, १८५५ मध्ये वाशिंदला, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला. आता शहापूरचं भात, लाकूड, कोळसा आणि गवत मुंबईला जाऊ शकत होतं. मुंबईतल्या घोड्यांना आणि तबेल्यांतल्या गुरांना गवत लागत होतं, चुलींना लाकूड-कोळसा लागत होता. दुसरीकडे सरकारचा सारा रोख रुपयांत, ठरलेल्या हप्त्याने भरायचा होता. शेतकऱ्याकडे भात होतं, रुपये नव्हते. मुंबईच्या बाजाराकडे रुपये होते, पाड्यापर्यंत पोचायला माणूस नव्हता. ही मधली जागा ज्याने भरली, तो आपला स्थलांतरित दुकानदार.

तो आला कसा, हे बघण्यासारखं आहे. मारवाडातून निघालेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सहसा एकटा आणि रिकाम्या हाताने येई. पण त्याच्याकडे एक नाव असे, एखाद्या मामाचं, काकाचं, गाववाल्याचं. त्या नातेवाइकाच्या दुकानात तो गुमास्ता म्हणून राही. जेवण-झोप तिथेच. पगार हातात कमी पडे, तो खात्यावर जमा होत जाई. चार-सहा वर्षांत तो मराठी शिके, कोणत्या पाड्यात कोणाचं पीक कसं येतं हे त्याला कळे. मग मालकच त्याला उधारीवर माल देई, कधी भागीदारी ठेवी, आणि तो पुढच्या गावात स्वतःचं दुकान मांडी. आणखी काही वर्षांनी त्याच्याकडे गावाहून दुसरा मुलगा येई. ही शिडी होती, आणि प्रत्येक पायरीवर आधीचा माणूस हात द्यायला उभा होता.

दुसरी गोष्ट हुंडीची. कल्याणच्या पेढीवर लिहिलेली हुंडी मुंबईत वटत असे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनी. शहाजोग हुंडी हा प्रकार तर फार बोलका आहे. तिचे पैसे फक्त 'शहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसाला द्यायचे. कागद चोरीला गेला तरी चोराला त्याचा उपयोग नाही, कारण त्याला कोणी ओळखत नाही. म्हणजे खरी मालमत्ता कागद नव्हता, रुपयेही नव्हते. ओळख ही मालमत्ता होती. एका पेढीचं देणं बुडवलं, तर बातमी सगळ्या पेढ्यांवर जाई, लग्नं जमवण्यापर्यंत तिचा परिणाम होई. म्हणून आतल्या आत व्याज कमी, तारण कमी आणि विश्वास जास्त.

याला मोजावी लागणारी किंमतही आपण विसरू नये. हिवतापाचा मुलूख, घरची माणसं शेकडो कोसांवर, आजूबाजूला आपली भाषा बोलणारं कोणी नाही. एकटेपणातूनच हे जाळं घट्ट झालं. आज अमेरिकेत गेलेली मेक्सिकोची माणसं 'तांदा' चालवतात. दहा-बारा जण दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने एकेकाला सगळी उचलायला मिळते. बँक दारात उभं करत नाही, तेव्हा त्यातूनच कोणी खाण्याची गाडी लावतो, कोणी गॅरेज टाकतो. आपल्याकडे याला भिशी म्हणतात. परक्या जागी माणसं सगळीकडे हेच करतात.

आता आपण काउंटरच्या दुसऱ्या बाजूला येऊ. आषाढात घरातलं भात संपतं. लावणीचे दिवस, अंगमेहनत सगळ्यांत जास्त आणि कणगी रिकामी. अशा वेळी दुकानातून जे धान्य उचलायचं, ती खावटी. ती बहुधा दिढीने फेडायची, म्हणजे एक मण नेलं की कापणीला दीड मण घालायचं. पाच महिन्यांत निम्मी वाढ. पण हिशेबाची याहून अवघड रीत होती. समजण्यासाठी आपण काल्पनिक आकडे घेऊ. आषाढात भाताचा भाव मणाला ४ रुपये. दुकानदार एक मण भात देतो आणि वहीत भात न लिहिता ४ रुपये लिहितो. कापणीपर्यंत व्याज धरून झाले ५. कापणीला सगळ्यांचंच भात बाजारात येतं आणि भाव अडीच रुपयांवर उतरतो. आता ५ रुपये फेडायला दोन मण भात लागतं. व्याज वहीत रुपयाला चार आणे दिसतं, घरातून मात्र भात दुप्पट जातं.

शेतकरी हे नाकारू शकत नव्हता का? इथेच आपला मुद्दा येतो. दुकानदाराला भात विकायला कल्याण होतं, भिवंडी होती, मुंबई होती. पैसे अडले तर पन्नास पेढ्यांची दारं होती. शेतकऱ्याचं खातं एकाच दुकानात होतं. खावटी तिथूनच, लग्नाचे पैसे तिथूनच, भात घालायचं तिथेच, आणि भाव सांगणाराही तोच. कर्ज अंगावर असेपर्यंत दुसऱ्या दुकानात जायची सोय नव्हती. एकाकडे पन्नास नाती, दुसऱ्याकडे एक.

कायद्याने हा तोल आणखी झुकवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावणं आवश्यक केलं. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. झालं असं, की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात धरून नवा दस्त लिहून घेतला जाऊ लागला. घाटावर याचा स्फोट झाला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं लुटली, आणि पुढे गावोगाव रोख होता दस्त आणि वह्या जाळण्यावर. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. ठाणे त्यात नव्हतं. ठाणे आणि कुलाब्याच्या वाट्याला १८९२ चा मोहाचा कायदा आला. अंगणातल्या झाडाची मोहाची फुलं साठवणंही परवान्याशिवाय गुन्हा ठरलं. घरची दारू बंद, ठेक्याची दारू रोखीने. म्हणजे आणखी एक दुकान आणि आणखी एक उधारी.

इथे एक सावधगिरी. सावकारी फक्त बाहेरून आलेल्यांनीच केली असं म्हणणं चूक ठरेल. ठाणे जिल्ह्यातल्या जमीनदार-सावकारांत इथले पांढरपेशे होते, पारशी होते, गावातले सधन शेतकरीही होते. वेठीची आणि लग्नगड्यांची कहाणी, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभर राबणाऱ्या माणसांची, ती एका जातीच्या नावावर मांडता येत नाही. कोळशाच्या भट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या कातकऱ्याला मालकाचं आडनाव काय, याने फरक पडत नव्हता. त्याच्यापुढे दार एकच होतं, ते कोणाचंही असो.

विसाव्या शतकात हे दार मोडायचे प्रयत्न झाले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांनी आदिवासी भागांतली वेठ आणि सावकारी सरकारपुढे मांडली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी डहाणू-तलासरीकडे वारली उठले. १९४६ मध्ये सावकारी कायदा, १९४७ पासून ठेकेदारांऐवजी जंगल कामगारांच्या सहकारी संस्था, १९४८ मध्ये कूळकायदा, १ एप्रिल १९५७ ला कृषकदिन. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं, आणि पुढे एकाधिकार खरेदी व सरकारी खावटी कर्ज आलं. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या हातून गेलेल्या काही जमिनी परत देण्याची वाट काढली.

या सगळ्याने माणसं सुटली, हे ठामपणे सांगायला हवं. पण एक गोष्ट लक्षात घेऊ. एकाधिकार खरेदीने भाव बांधून दिला, तरी रचना पुन्हा एका दाराचीच राहिली. दुकानाच्या जागी केंद्र आलं. ते वेळेवर उघडलं, पैसे लवकर मिळाले तर उत्तम. नाही, तर गरजू माणूस पुन्हा खासगी व्यापाऱ्याकडे, पडेल त्या भावाला. कायद्याने जुनी गाठ सोडवली, पण शेतकऱ्याला पन्नास नाती देणं कायद्याच्या आवाक्यात नव्हतं. ती माणसांनाच विणावी लागतात.

आणि आपल्या माणसांना ती विणता येत नाहीत, असं मुळीच नाही. मुरबाडचा घाट चढला की जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ. तिथली माणसं १८९० च्या सुमारास मुंबईत डबे पोचवू लागली. गाववाला गाववाल्याला आणतो, शिकवतो, त्याच्यासाठी शब्द टाकतो. मारवाड्याच्या दुकानातली शिडी आणि डबेवाल्याची शिडी एकच आहे. फरक इतकाच, की एकीच्या टोकाला भांडवल फिरत होतं आणि दुसरीच्या टोकाला मजुरी.

आज किन्हवलीचा मुलगा आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाण्याला कामाला जातो. आता स्थलांतरित तो आहे. गावात बायकांचे बचत गट आहेत, रब्बीत भेंडी-काकडी करणारे शेतकरी आहेत, हातात फोन आहे, वाशीचा भाव सकाळीच कळतो. भाव कळणं हे अर्धं काम झालं. पडला भाव तर चार दिवस थांबता यावं, म्हणून उसने पैसे देणारा आपला माणूस असणं हे उरलेलं अर्धं. जुन्या पेढ्यांनी नेमकं तेच आपल्या मुलांना दिलं होतं.

शेवटी एक विनंती. या पट्ट्यातल्या जुन्या दुकानांत माळ्यावर अजून वह्या असतील. पाड्यांवर खावटीच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं आहेत. आपल्याला दोन्ही हवं आहे. वहीत फक्त येणं दिसतं, ते कुठून आलं हे म्हातारी सांगते. वह्या वाळवी लागण्याआधी आणि माणसं जाण्याआधी हे लिहून घेतलं, तर हा इतिहास पुरा होईल.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.