‘पॅकेट’ या संज्ञेचा उगम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : संगणक जाळ्यांच्या अध्यापनात ‘पॅकेट’ ही संज्ञा बहुधा व्याख्येपुरतीच शिकविली जाते. प्रस्तुत लेखात तिच्या उगमाचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

उगम : अमेरिकेतील रँड संस्थेचे पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये संदेशाचे तुकडे करून ते विविध मार्गांनी पाठविण्याची योजना मांडली. अणुहल्ल्यातही दळणवळण टिकावे, हा तिचा हेतू होता. या तुकड्यांना त्यांनी ‘मेसेज ब्लॉक’ म्हटले. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील डोनाल्ड डेव्हिस १९६५ मध्ये स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोहोचले. मात्र अनेकांनी एकाच वेळी संगणक वापरता यावा, ही त्यांची गरज होती. इतर भाषांत सहज अनुवाद व्हावा म्हणून भाषातज्ज्ञाच्या सल्ल्याने त्यांनी ‘पॅकेट’ हा शब्द निवडला. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटने हेच तंत्र अवलंबिले.

निष्कर्ष : मराठीतील ‘पाकीट’ हे याच शब्दाचे रूप होय. पाकिटावर पत्ता आणि आत मजकूर असतो. जाळ्यातील प्रत्येक तुकडाही आपला पत्ता सोबत वाहतो. हे साम्य दाखविल्यास विद्यार्थी व्याख्या पाठ करणार नाहीत, तर ती समजून घेतील. म्हणून संज्ञांचा इतिहास हा तांत्रिक अध्यापनाचाच भाग मानला जावा.