पिल्लू पॅडवरच शू करेल, यासाठी नेमकं काय करायचं?

वस्तीवर किंवा वाड्यात वाढणारं कुत्रं शी-शूची जागा स्वतःच शोधतं. कधी शेताचा बांध, कधी परसातलं झाड. अहिल्यानगरच्या सावेडी किंवा केडगावमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलेल्या दोन महिन्यांच्या पगला किंवा शिह त्झूला मात्र चारही बाजूंनी फरशीच दिसते. मग ते सोफ्यामागे शू करतं, घरात वाद होतात आणि पिल्लाची रवानगी गॅलरीत होते. काही घरांत तर ते परत देण्यापर्यंत गोष्ट जाते.

लगेच बाहेर का नेता येत नाही?

कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर. या आजारांच्या लसींचे डोस साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि १६ आठवड्यांच्या आसपास पूर्ण होतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. त्यामुळे भटकी कुत्री फिरतात अशा मोकळ्या प्लॉटवर अर्धवट लसीकरण झालेलं पिल्लू सोडणं धोक्याचं. नेमकी हीच सवयी लागण्याची वेळ असते, आणि इथेच पॅड कामाला येतं.

पॅडची रचना लहान बाळाच्या डायपरसारखीच असते. वर पाणी झिरपू देणारा मऊ थर, मध्ये लगदा आणि ओलावा धरून ठेवणारं जेल, खाली प्लॅस्टिक. काही पॅडला कुत्र्यांना आकर्षित करणारा वासही लावलेला असतो. पण नुसतं अंथरून भागत नाही, पॅड म्हणजे काय हे पिल्लाला शिकवावं लागतं.

पिल्लू जागा पायांनी ओळखतं

शू कुठे करायची हे पिल्लू बऱ्याच अंशी पायाखालच्या स्पर्शावरून आणि वासावरून ठरवतं. मऊ आणि ओलावा शोषणारं काहीही त्याला सारखंच. म्हणून पॅड अंथरण्याआधी दारातलं पायपुसणं, बाथरूमबाहेरचा मॅट, खाली लोंबणारी गोधडी उचलून ठेवा. पॅडवर शू करणारं पिल्लू पायपुसण्यावरही करत असेल, तर तो हट्ट नसतो, त्याला दोन्हीतला फरकच कळलेला नसतो. रद्दी पेपरनंही हे काम होतं आणि स्वस्तात होतं. फक्त फरशीवर पेपर पसरून वाचणारे आजोबा घरात असतील, तर पॅडच बरं.

पॅडची जागा एकच ठेवा, खाण्याच्या आणि झोपण्याच्या जागेपासून लांब. मग खरं काम वेळेचं. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यानंतर ५ ते ३० मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्याआधी पिल्लाला पॅडवर न्यायचं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम दोन-तीन तास शू धरू शकतं, लहान जातींमध्ये त्याहूनही कमी. गोल फिरणं, जमीन हुंगत राहणं या खुणा दिसल्या की उशीर करायचा नाही. पॅडवर झालं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊचा छोटा तुकडा. किचनमधून डबा आणेपर्यंत वेळ गेला, तर बक्षीस कशाचं हे पिल्लाला कळत नाही. लक्ष ठेवायला कुणी नसेल, तर त्याला घरभर मोकळं न सोडता जाळीच्या छोट्या कुंपणात पॅडसह ठेवा.

नाक घासल्यानं काय होतं?

शूमध्ये नाक घासणं, पेपरची गुंडाळी मारणं हे उपाय अजूनही छातीठोकपणे सांगितले जातात. त्यातून पिल्लू एकच गोष्ट शिकतं: माणसासमोर शू करायची नाही. मग ते पलंगाखाली जाऊन करतं, आणि तुमच्यासमोर पॅडवरही करायला घाबरतं. चूक होताना दिसली तर शांतपणे उचलून पॅडवर ठेवा. नंतर दिसली तर फक्त पुसा. पुसताना अमोनिया असलेलं क्लीनर टाळा, त्याचा वास मूत्रासारखा असतो. पाळीव प्राण्यांसाठीचं एंझाइम क्लीनर सर्वांत चांगलं.

पॅड कायमचं की तात्पुरतं?

हे आधीच ठरवा. दिवसाला चार पॅड लागली तर महिन्याला १२० होतात. धुता येणारी कापडी पॅड हा त्यावरचा एक पर्याय. पुढे बाहेरच न्यायचं असेल, तर लसीकरण पूर्ण झाल्यावर पॅड रोज थोडं थोडं दाराकडे सरकवा. एकदम हलवलं तर पिल्लू जुन्याच जागी जातं. नगर शहरात पाऊस तसा कमी. त्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, घाटघरकडे, तो दिवसेंदिवस उघडत नाही. शहरात अडचण एप्रिल-मेची: दुपारी तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात. त्यामुळे लहान कुत्र्यासाठी एक पॅड घरात राहू देण्यात काहीच गैर नाही.

पॅड फाडून खायची सवय दिसली तर जाळीची झाकण असलेला ट्रे घ्या, कारण आतलं जेल फुगतं आणि आतडं अडू शकतं. तुकडा गिळला असेल तर थेट पशुवैद्यक गाठा. नीट शिकलेलं कुत्रं अचानक घरभर शू करू लागलं, सारखं थोडं थोडं करू लागलं किंवा शूमध्ये रक्त दिसलं, तरीही तेच. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे किंवा मधुमेहही असू शकतो.

वापरलेलं पॅड डायपरसारखंच कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळं द्या. ओल्या कचऱ्यात किंवा टॉयलेटमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो.